साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी घेताय? आधी कोंदण बघा, मग हिरा

धाकट्या दिराचा साखरपुडा ठरलाय आणि गेले पंधरा दिवस घरात एकच चर्चा, किती सेंटचा हिरा घ्यायचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट वजन). कलर कुठला, क्लॅरिटी कुठली, नॅचरल की लॅब ग्रोन, सगळ्यांना सगळं तोंडपाठ झालंय, पण तो हिरा अंगठीत धरून कोण ठेवणार ह्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला मात्र तेच सगळ्यात आधी दिसतं, कारण माझ्या अंगठीतला हिरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पडला. एका लग्नाहून आल्यावर साडीची घडी घालत होते, पदर बोटात अडकला म्हणून बघितलं तर हिरा धरून ठेवणाऱ्या चार नख्यांपैकी एक बाहेर वाकलेली, तिला जरीचा धागा गुंडाळला गेलेला आणि मधली जागा रिकामी, आरपार बोटाची कातडी दिसत होती. केर चाळणीने चाळला, बाथरूमची जाळी काढून बघितली, नाहीच मिळाला.

म्हणून दिराला पहिली गोष्ट हीच सांगितली की भाऊजी, कॅटलॉग बंद करा आणि आधी होणाऱ्या नवरीचा हात दिवसभर काय काय करतो ते सांगा. ती दवाखान्यात काम करते, दिवसातून वीस वेळा ग्लोव्हज घालते काढते, शिवाय लोकलने जाते. अशा हाताला उंच उचललेला सॉलिटेअर, म्हणजे एकच मोठा हिरा असलेली अंगठी, रोज अडकणार, ग्लोव्हज फाटणार. ऑफिसात कीबोर्डवर काम असेल आणि घरी पोळ्यांना बाई असेल तर तीच अंगठी आरामात वर्षानुवर्षं टिकते. तर सेटिंग, म्हणजे कोंदण, ठरवायचं ते हातावरून.

आता प्रकार. प्रॉन्ग सेटिंग म्हणजे त्या बारीक नख्या हिऱ्याला वरून पकडतात. टिफनी ह्या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने १८८६ मध्ये सहा नख्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी आणली, आज सॉलिटेअर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती तीच. चार नख्यांमध्ये हिरा जास्त मोकळा दिसतो हे खरं, पण एक नखी गेली की हिरा तीनवर लटकतो, सहा असतील तर एक गेली तरी निदान लक्षात येईपर्यंत तो जागेवर राहतो. हिरा अगदी लहान असेल, वीस-पंचवीस सेंटचा, तर सहा नख्या त्याला झाकून टाकतात, तिथे चारच बऱ्या, फक्त नख्या भरीव घ्या, दोऱ्यासारख्या बारीक नकोत. प्रिन्सेस म्हणजे चौकोनी कट घेत असाल तर चारही कोपरे व्ही आकाराच्या नख्यांनी झाकलेले आहेत ना ते बघाच. हिरा सगळ्यात कठीण, त्याला ओरखडा सहज पडत नाही, पण नेमका कोपऱ्यावर ठोका बसला तर तो टवका उडून फुटतो, आणि एकदा उडालेला टवका काही परत लावता येत नाही.

बेझेल हा माझा सगळ्यात लाडका प्रकार. हिऱ्याच्या कडेला गोल सोन्याची पट्टी, धागा अडकायला जागाच नाही. आपलं जुनं कोंदणकाम ह्याच्या अगदी जवळचं, त्यात शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसवतात, म्हणून आज्यांचे कोंदणातले दागिने इतकी वर्षं टिकले. लोक म्हणतात बेझेलमध्ये चमक मरते, पण नीट कट केलेला गोल हिरा वरून आत गेलेला प्रकाश वरूनच परत फेकतो, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. पूर्ण पट्टी जड वाटली तर हाफ बेझेल मागा, दोन बाजू बंद आणि दोन उघड्या. माझ्या अंगठीत नंतर मी तेच करून घेतलं.

हॅलो म्हणजे मधल्या हिऱ्याभोवती बारीक हिऱ्यांची रांग, आणि पावे म्हणजे बँडवरच, बोटाभोवतीच्या कड्यावरच, बारीक हिरे. दिसायला फार सुंदर, पण त्या कणभर हिऱ्यांना धरणारं सोनंही कणभरच असतं, म्हणून एखादा पडणार हे गृहीत धरा. आणि बँडभोवती पूर्ण गोलात हिरे असतील तर अंगठी पुढे सैल किंवा घट्ट करता येत नाही, बाळंतपणानंतर बोटं बदलतात तेव्हा हे फार जाणवतं, म्हणून बँडची खालची अर्धी बाजू साधी ठेवा.

शोभण्याचं म्हणाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. पन्नास सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिमी रुंद दिसतो आणि एक कॅरेटचा ६.५, म्हणजे वजन दुप्पट, किंमत त्याहून जास्त, आणि डोळ्याला फरक दीड मिमीसुद्धा नाही. त्यापेक्षा बँड नाजूक केला की तोच हिरा मोठा दिसतो, पण दीड मिमीच्या खाली जाऊ नका, अंगठी वाकते आणि वाकली की नख्या ढिल्या होतात. बोटं आखूड असतील तर ओव्हल (लंबगोल) किंवा पेअर (थेंबाच्या आकाराचा) हिरा बोटाच्या लांबीत बसवा, बोट लांब दिसतं. हिऱ्यात थोडी पिवळसर झाक असेल तर पिवळ्या सोन्यात ती मिसळून जाते, पांढऱ्या सोन्यात उठून दिसते. पांढऱ्या सोन्यावरचं ऱ्होडियम ह्या पांढऱ्या धातूचं पॉलिश झिजतं आणि पुन्हा करावं लागतं, हे दुकानात आधीच विचारून घ्या.

सासूबाईंचा आग्रह होता की सोनं बावीस कॅरेटच हवं. त्यांना समजावलं की बावीस कॅरेट मऊ, त्याच्या बारीक नख्या लवकर वाकतात, म्हणून हिऱ्याला अठरा किंवा चौदा कॅरेट घेतात. अठरावर ७५० असा शिक्का असतो आणि चौदावर ५८५, शेजारी बीआयएसची, म्हणजे सरकारी हॉलमार्कची, खूण आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा.

अंगठी ताब्यात घेताना घाई अजिबात नको. सर्टिफिकेटचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर तो हिरा बसवायच्या आधीच भिंगातून वाचून घ्या, बेझेलमध्ये बसवल्यावर ती कड झाकली जाते. मग तयार अंगठी दहापट भिंगाखाली फिरवून बघा, प्रत्येक नखी हिऱ्याला टेकलेली हवी, मध्ये फट दिसली तर परत कारागिराकडे पाठवा. कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा, बारीक खुळखुळ आली तर हिरा हलतोय. शेवटी ओढणीच्या टोकावरून अंगठी सगळ्या बाजूंनी फिरवा, जिथे धागा धरतो ती नखी तिथल्या तिथे घासून द्यायला सांगा. माझ्या वेळी ही एवढी एक गोष्ट केली असती तर जरीचा धागा अडकलाच नसता.

आणि माप संध्याकाळी द्या, सकाळी गारठ्यात बोटं बारीक असतात. सैल अंगठीत वजन वर असलं की हिरा तळहाताकडे फिरतो आणि मग दिसेल त्या कडीला आपटतो.

घरी कणीक मळताना काढून ठेवा, पण सिंकच्या कडेवर नाही, एक वाटी नेमून द्या. हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं, फोडणीच्या हाताने दोन दिवसात तो मळकट दिसायला लागतो, तेव्हा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने खालून घासायचा, बेसिनचं भोक आधी बंद करून. आणि दर सहा महिन्यांनी दुकानात जाऊन नख्या तपासून घ्यायच्या, दिराला मी पहिल्या तपासणीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून दिलीय.