मुंबईहून वेरूळ गाडीने : प्लॅन कसा करायचा

सगळ्यात आधी वार बघा, हॉटेल वगैरे नंतर. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. आम्ही एकदा आईला घेऊन डोंबिवलीहून पहाटे निघालो, सहा तास गाडी चालवून पोचलो आणि गेट बंद, कारण मंगळवार होता आणि घरात कोणीच बघितलं नव्हतं. आईचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. शनिवार-रविवार-सोमवार सुट्टी जोडून आली असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ करा, उलटं केलंत तर अजिंठा हुकणार. आणि दोन्ही एकाच दिवसात उरकायचा विचार तर नकोच, संभाजीनगरहून अजिंठा जवळजवळ 100 किलोमीटर आहे.

आता रस्ता. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून भिवंडीजवळच्या आमण्याला चढायचं, इगतपुरीचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा पार करायचा आणि माळीवाड्याला उतरायचं. तिथून दौलताबाद, मग घाट चढून खुलताबाद आणि पुढे वेरूळ. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर ठाणे-भिवंडीचं ट्रॅफिक लागायच्या आत बाहेर पडता.

समृद्धीवर बाईक न्यायला परवानगी नाही, त्यामुळे बाईकवाल्यांनी जुना नाशिक रोडच धरा. कारवाल्यांनी टायर नीट बघून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सिमेंटचा रस्ता, तासन्‌तास एकच स्पीड, त्यात दुपारचं ऊन, टायर भयंकर तापतात आणि जुना झिजलेला टायर दगा देतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर जितकी लिहिलीय तितकीच. दुसरी भीती डुलकीची, रस्ता इतका सरळ आहे की डोळे आपोआप मिटतात, म्हणून दोन ड्रायव्हर असतील तर दर दीड तासाने बदला, एकच असेल तर थांबून चहा प्या. खायच्या जागा अंतरा-अंतराने आहेत, पोळीभाजीचा डबा आणि पाणी घरूनच घ्या.

अकराच्या आसपास पोचलात की आधी जेवण आणि घृष्णेश्वराचं दर्शन, देऊळ लेण्यांपासून अगदी जवळ आहे. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. सोमवारी आणि श्रावणात रांग मोठी असते, तेव्हा आधी लेणी करा.

लेणी एकूण 34. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. बहुतेक लोक गेटसमोरच 16 नंबरचं कैलास लेणं दिसतं म्हणून तिथेच घुसतात, फोटो काढतात, दमतात आणि बाकीचं राहून जातं. माझं ऐका, कैलास शेवटी ठेवा. आधी लांबची जैन लेणी, 32 नंबरची इंद्रसभा चुकवू नका. मग बौद्ध, त्यातलं 10 नंबर तर बघाच, दगडाच्या छताला लाकडी घरासारख्या फासळ्या कोरल्यात, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात.

साडेतीनला कैलासाच्या बाजूच्या वाटेने टेकडीवर चढा आणि वरून बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम, आधी डोंगरात वरून खाली चर खणले, मधला दगड मोकळा केला आणि मग शिखरापासून पायथ्याकडे कोरत आले. एक दगड चुकून जास्त उडाला असता तर परत जोडायची सोय नव्हती. हे वरून बघितल्याशिवाय कळतच नाही हो, खालून ते नुसतं मोठं देऊळ वाटतं. वर कडेला मुलांचा हात मात्र सोडू नका. मग खाली या, लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे तोपर्यंत कलतं ऊन आलेलं असतं, सकाळी इथे सावली असते. रावण कैलास हलवतोय ते शिल्प दक्षिणेच्या बाजूला आहे, तिथे पाच मिनिटं गप्प उभं राहा.

15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. उन्हाळ्यात काळा दगड तापतो म्हणून एप्रिल-मे टाळा, पावसाळ्यात 29 नंबरजवळ धबधबा पडतो पण पायऱ्या निसरड्या होतात, ग्रिपवाले बूट घाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जात असाल तर परतताना दौलताबादला रस्त्यावर सीताफळं मिळतात, थोडी कडक बघून घ्या, म्हणजे मुंबईला घरी पोचून पिकतील.