मनगट दुखते आहे? आधी बोटे पाहा: मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी

रोज तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाचे मनगट दुखू लागले, की तो आधी मलम चोळतो, मग पट्टा बांधतो आणि शेवटी ‘आता वय झाले’ अशी स्वतःची समजूत घालतो. यातले काहीही करण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे दुखणे किंवा मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात. पंजात उतरणाऱ्या नसांच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यामुळे बोट कळले की गाडीवर काय बदलायचे हेही पुष्कळदा कळते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होत असेल, तर मीडियन नस दाबली जात असण्याची शक्यता असते. ही नस मनगटातल्या कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यातून, बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, सोबतीने जाते, आणि मनगट बराच वेळ वर किंवा खाली वाकलेले राहिले की या बोगद्यातला दाब वाढतो. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल, तर अल्नर नसेवर, बहुधा तळहाताच्या मनगटालगतच्या भागावर, भार पडतो आहे असे समजावे. मुंग्या नाहीत, पण अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला कळ येते, हे दुखणे बहुधा कंडरांचे असते आणि ते डाव्या हाताला असेल तर क्लचकडे बोट दाखवते. दोन्ही तळहात एकदमच झिणझिणत असतील, तेही ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर, तर कंपनाचा संशय घ्यावा.

क्लचविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या दुखण्याचे मूळ बहुतांशी तिथेच असते आणि मीही ते भोगले आहे. एका पावसाळ्यात हडपसर ते हिंजवडी अशा रोजच्या प्रवासात माझा डावा अंगठा इतका दुखू लागला, की घरी आल्यावर बरणीचे झाकण फिरवणेही जमेना. दोन आठवडे मी मलम लावत राहिलो. मग एका सकाळी गाडी बंद असताना लिव्हर अगदी सावकाश ओढून पाहिली, तेव्हा आत काहीतरी करकरत अडत असल्याचे बोटांना स्पष्ट जाणवले. लिव्हरपाशी केबलचे टोक सोडवले, तर आवरणाच्या तोंडाशी गंज धरलेला आणि दोन-तीन तारा तुटून बाहेर आलेल्या दिसल्या. एका सिग्नलला चार-पाच वेळा आणि वाटेत तीस-चाळीस सिग्नल, एवढ्या वेळा मी ती गंजलेली तार अंगठ्याच्या आधाराने ओढत होतो.

म्हणून पहिली तपासणी केबलची करावी. लिव्हर लोण्यासारखी चालली पाहिजे. अडत असेल आणि तारा तुटलेल्या असतील, तर तेलपाणी करत न बसता केबल बदलावी, कारण हा खर्च औषधांपेक्षा कमीच असतो. नवी केबल टाकताना ती हँडलच्या मागून मोठ्या वळणाने गेली आहे ना, कुठे दुमडली तर नाही ना, हे मेकॅनिकजवळ उभे राहून पाहावे. लिव्हरच्या टोकाशी किती ‘प्ले’, म्हणजे क्लचवर ताण येण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो त्यापेक्षा जास्त असेल, तर बोटांना उगाच लांबवर ओढावे लागते. सिग्नलवर क्लच दाबून उभे राहण्याची सवय तर आजच सोडावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हात मोकळा करावा.

दुसरी तपासणी लिव्हरच्या कोनाची. गाडी मेन स्टँडवर लावून नेहमीसारखे बसावे, डोळे मिटून हात हँडलवर ठेवावेत आणि बोटे सरळ करावीत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा झाली आणि बोटे आपोआप लिव्हरवर पडली, तर कोन योग्य आहे. लिव्हर गाठण्यासाठी पंजा वर उचलावा लागत असेल, तर तिच्या पकडीचे बोल्ट थोडे सैल करून ती किंचित खाली फिरवावी. अनेक गाड्यांवर यासाठी दहाचा पाना पुरतो. काही गाड्यांत पकड जागेवर राहावी म्हणून खुंटी असते, तिथे जबरदस्ती करू नये. डिस्क ब्रेकची बाजू फिरवली असेल, तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी ताणत नाही ना हे पाहावे आणि बोल्ट पुन्हा घट्ट केल्याशिवाय गाडी हलवू नये.

उजव्या हाताची तक्रार वेगळी असते. ॲक्सिलरेटर बंद असताना मनगट सरळ धरले, की तो पिळल्यावर मनगट खाली पडते आणि तासभर तसेच राहते. त्यामुळे मुठीने सरळ पकडण्याऐवजी दाराचा गोल मुठा धरावा तशी थोडी तिरपी पकड घ्यावी आणि वेग स्थिर झाला की पकड पुन्हा जुळवून मनगट सरळ करावे.

करंगळीच्या बाजूला त्रास असेल, तर अंगाचा भार हातांवर पडतो आहे. गुडघ्यांनी टाकी धरावी आणि पाठ-पोटाच्या स्नायूंवर शरीर तोलावे. चालत्या गाडीवर कोपरे सहज वरखाली हलवता आली, तर हात मोकळे आहेत असे समजावे. खंबाटकीसारख्या घाटात उतरताना हा फरक लगेच कळतो.

कंपनासाठी टायरमधली हवा, चाकांचे बॅलन्सिंग, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आणि हँडलच्या टोकांची वजने तपासावीत. हातमोजे तळव्याला गादी असलेले, पण बोटांना न आवळणारे घ्यावेत. लांबच्या प्रवासात दर तासाला उतरून मुठी उघडमीट कराव्यात आणि हात सरळ धरून बोटे हलकेच मागे ओढून वीस सेकंद थांबावे.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, रात्री मुंग्यांनी जाग येऊ लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. कोणती बोटे, कोणत्या वेळी, किती मिनिटांनी, हे लिहून न्यावे. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तोही सांगावा, कारण त्यात नस दाबली जाण्याचे प्रमाण अधिक असते. मानेतून निघणारी नस दबली तरी हातात अशाच मुंग्या येतात, त्यामुळे मान दुखत असल्यास तेही लपवू नये.

पडल्यानंतरचे दुखणे मात्र यातल्या कशातही मोजू नये. तळहात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यास दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही. अशा वेळी डॉक्टर सांगतील तोवर मनगट आधारात बांधून ठेवावे, गाडीला हात लावू नये आणि दुखणे टिकले तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.