विनोदी सिनेमांची आवड ताडून पाहायची तर

"तुझा आवडता विनोदी सिनेमा कुठला?" या प्रश्नाने गप्पा सुरू केल्या की त्या लगेच आटोपतात. मराठी घरात कुणीतरी 'अशी ही बनवाबनवी' म्हणतं, बाकीचे माना डोलावतात, आणि कुणाला नेमकं काय आवडतं ते कळायचं राहूनच जातं. नाव एकच असलं तरी प्रत्येक जण त्यात वेगळ्या जागी हसलेला असतो. आवड ताडायची ती या हसण्याच्या जागांवरून. आमच्या डोंबिवलीच्या घरी शनिवारी जेवणं उरकली की सासूबाई, नणंदेचा मुलगा आणि शेजारचे काका-काकू बसतात, तिथे ही पद्धत आता छान रुळली आहे.

माणसं चार-सहा पुरेत, पण वयं वेगवेगळी हवीत. एकाच वर्गातले मित्र बहुतेक एकाच जागी हसतात, मग ताडायला काही उरत नाही. सिनेमा सगळ्यांनी आधी पाहिलेला निवडा, कारण पहिल्यांदा बघणारा गोष्टीतच गुंतून जातो. अख्खा सिनेमा लावायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांचा सलग तुकडा घ्या. मोबाइलवर फिरणारी अर्ध्या मिनिटाची कात्रणं मात्र नकोत. 'बनवाबनवी'तला "धनंजय माने इथेच राहतात का?" हा तसा साधा पत्ता विचारणारा प्रश्न आहे. मागचं-पुढचं कापून तो ऐकला तर माणूस सवयीने हसतो, आणि सवयीच्या हसण्यावरून आवड कळत नाही.

प्रत्येकाला कागद-पेन द्या. हसू आलं की तिथला शब्द किंवा हालचाल लिहायची, बस. बघताना कुणी बोलायचं नाही, आणि "आता बघ हं" तर मुळीच नाही. एक हसला की दुसरा हसतोच, म्हणून आपण स्वतःहून हसलो त्या जागेपुढे फुली मारायची. पुढच्या गप्पा या फुल्यांवरच होतात.

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. मधुमेहाचं औषध आणून देणारा माणूस वारला, असं धनंजय (अशोक सराफ) घरमालक सरपोतदारांना (सुधीर जोशी) सांगतो. मग माझे सत्तर रुपये? तर तेही वारले. आमच्याकडे या एका प्रसंगात फुल्या तीन ठिकाणी पडल्या. नणंदेचा मुलगा 'वारले' या शब्दावर हसला. काका त्याच्या आधीच हसले होते, कारण अशोक सराफ आता काहीतरी ठोकून देणार हे त्यांना दिसत होतं. सासूबाई हसल्या त्या सगळ्यांनंतर, सुधीर जोशींचा चेहरा बघून. एकाला शब्द हवा, एकाला चाहूल, एकीला समोरच्या माणसाची झालेली पंचाईत. 'मला बनवाबनवी आवडतो' हे वाक्य तिघांचंही, आवडी तीन.

कागद समोर ठेवल्यावर "का हसलास?" असं विचारू नका. त्यावर लोक अवघडतात किंवा भाषण देतात. "कुणाला हसलास?" असं विचारा. फसवणाऱ्याच्या हुशारीला, फसणाऱ्याच्या भोळेपणाला, की दोघांना अडकवणाऱ्या परिस्थितीला? पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही म्हणून दोन पुरुषांना लुगडं-साडी नेसावी लागते, यात शेजारच्या काकूंना सगळ्यात जास्त हसू जागेच्या अडचणीचं आलं. लग्नानंतर त्यांनी स्वतः बरीच वर्षं भाड्याच्या खोल्या बदलत काढली आहेत. हे त्या कागदामुळेच बोलल्या. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

दादा कोंडक्यांचा विषय निघाला की घरात हमखास दोन तट पडतात. "ते चावट, आपल्याला नको" असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. दादांच्या 1971 च्या 'सोंगाड्या'चं लेखन वसंत सबनीसांचं, आणि 1988 च्या 'बनवाबनवी'चं लेखनही त्यांचंच. त्याआधी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्यही त्यांनीच लिहिलं, आणि त्यात दादा कोंडके गाजले. समोरच्याचा शब्द झेलायचा आणि अर्थ फिरवून परत त्याच्याच अंगावर टाकायचा, ही तमाशातल्या सोंगाड्याची रीत. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले की ती रीत पुण्याच्या घरमालकापुढेही चाललेली ऐकू येते. 'सोंगाड्या' आवडलाच पाहिजे असं नाही. पण नकोसं काय वाटतं ते नेमकं सांगता यायला हवं: द्वयर्थ, गावरान बोली, की नायकाचा बावळटपणा? बोली नको म्हणणारा आणि द्वयर्थ नको म्हणणारा यांची आवड मुळीच सारखी नाही.

दुसऱ्या बैठकीला संथ विनोदाचा सिनेमा घ्या. 'वळू' (2008) या कामाला उत्तम आहे. डुरक्या नावाच्या मोकाट वळूला पकडायला वनअधिकारी गावात येतो, त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन गावकऱ्यांना बोलतं करतो, आणि कॅमेऱ्यापुढे जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. इथे फुल्या कमी पडतील. ज्याचा कागद कोरा राहिला त्याला "तुला कळलं नाही" असं कधीही म्हणू नका. विनोदात यापेक्षा लागट वाक्य नाही, आणि ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. 'फालतू' आणि 'दर्जेदार' हे दोन शब्दही बैठकीपुरते बाजूला ठेवा. जागा दाखवून बोलायचं.

शेवटी प्रत्येकाने दुसऱ्याच्या फुल्या बघून त्याला एक सिनेमा सुचवायचा. स्वतःला आवडतो तो नाही, त्याच्या फुल्यांना जुळेल तो. वेषांतरावर हसणाऱ्याला हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (1966) द्या. 'बनवाबनवी'चं मूळ तिथे आहे, त्यामुळे काय बदललं ते शोधतानाच मजा येते. गडबडगोंधळ आवडणाऱ्याला 'अंगूर' (1982), आणि भीती व हसू एकत्र लागणाऱ्याला परेश मोकाशींचा 'वाळवी' (2023). शरद तळवलकरांवर लोभ असलेल्या माझ्या सासूबाईंना नणंदेच्या मुलाने 'धूमधडाका' (1985) पुन्हा दाखवला आणि पाठोपाठ 'प्यार किये जा' (1966) लावला. दोन्ही एकाच तमिळ सिनेमावरून घेतलेले. मेहमूद ओमप्रकाशना भुताची गोष्ट सांगतो तिथे सासूबाईंनी ओळीने फुल्या मारल्या, आणि मेहमूदच्या नव्हे, ओमप्रकाशच्या चेहऱ्यापुढे. पुढच्या शनिवारी काय लावायचं ते आता त्याच ठरवणार आहेत.