कुले द सेराँ : तीन दिवसांत चाखायची वाइन

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, आँजे शहराजवळ, साव्हेनिएर नावाचं गाव आहे. तिथल्या उतारावरचा साधारण सात हेक्टरांचा एक द्राक्षमळा म्हणजे कुले द सेराँ; तिथल्या वाइनचं नावही तेच. सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या साधूंनी इथे ११३० मध्ये वेली लावल्या. १९८४ पासून निकोला जोली यांनी हा संपूर्ण मळा बायोडायनॅमिक पद्धतीवर आणला आणि आता त्यांची मुलगी व्हिर्जिनी तो सांभाळते. द्राक्ष एकच, शेनिन ब्लाँ. म्हणजे नाशिककडे भरपूर लावलं जातं तेच. पण नाशिकची हलकी, किंचित गोडसर, थंडगार प्यायची शेनिन मनात धरून ही बाटली उघडली, तर पहिल्याच घोटाला निराशा होईल. ही कोरडी, जड वाइन आहे, अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या पुढे असतं, आणि ती सावकाश खुलते.

बायोडायनॅमिक म्हणजे काय, ते थोडक्यात. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत आली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग ते पाण्यात तासभर घुसळून शिंपडायचं, अशी तिची तंत्रं आहेत. शिंगातल्या खतामुळेच चव बदलते, असं विज्ञानाने सिद्ध केलेलं नाही. ग्लासात जे जाणवतं त्यामागची कारणं मात्र दाखवता येतात : शिस्ट या थराथरांच्या खडकाची जमीन, कमी उत्पादन, आणि तीन-चार आठवडे फेऱ्या घालत पूर्ण पिकलेलेच घड हाताने तोडणं. काही घडांवर बॉट्रिटिस बुरशीही धरलेली असते. मधाचा वास येतो तो बराचसा तिथून.

बाटली प्रवासातून आली असेल तर दहा-पंधरा दिवस थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. परदेशातून स्वतः आणणार असाल तर प्रवाशाला २ लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे दोनच बाटल्या. विकत घेताना बुचाकडे नीट बघा. बूच वर आलेलं असेल किंवा मानेभोवती चिकट ओघळ असतील, तर बाटलीला कुठेतरी ऊन लागलंय. ती घेऊ नका, किंमत पाडून दिली तरी. या वाइनमध्ये टिकण्यासाठी घालतात त्या गंधकाचं प्रमाण कमी ठेवतात, त्यामुळे उष्णतेचा फटका लवकर बसतो.

आता मुख्य काम. चाखायच्या आदल्या संध्याकाळी बाटली उघडा. स्वच्छ काचेच्या जगमध्ये पूर्ण ओता, दहा मिनिटं ठेवा आणि बाटली विसळून वाइन परत तिच्यात भरा. एवढ्याने तिला पुरेशी हवा मिळते. बूच सैल बसवून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा. आपल्या हवेत ती रात्रभर बाहेर ठेवू नका : तीस अंशांत वाइन सपक होते आणि फक्त अल्कोहोलचा वास वर येतो. फ्रीजमध्ये कापलेला कांदा किंवा सुकी मासळी असेल तर आधी हलवा.

तापमान १४ अंश हवं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फ्रीजमधली पाच-सहा अंशांची वाइन लगेच ओतली की वास गोठलेला असतो आणि जिभेवर नुसता आंबटपणा व तुरटपणा उरतो. खोलीच्या उष्णतेप्रमाणे पाऊण तास आधी बाहेर काढा आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर थेट ग्लासात बुडवून खात्री करा. ग्लास रुंद पोटाचा घ्या, गरम पाण्याने धुवा, साबणाचा वास राहू देऊ नका. त्या खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी काही नको.

चौघांनी मिळून चाखावी. प्रत्येकाला ६० मिली, म्हणजे एका बैठकीला २४० मिली. अशा तीन बैठका तीन लागोपाठच्या दिवशी करा, बाटली बरोबर पुरते. जमलं तर जोलींच्याच दुसऱ्या दोन वाइन, ले व्हिए क्लो आणि क्लो द ला बेर्जरी, याच क्रमाने आधी चाखा. कुले द सेराँ शेवटी, कारण तिच्यानंतर बाकीच्या पातळ वाटतात.

ग्लास न हलवता वास घ्या, मग हलवून घ्या. घोट तोंडात दहा सेकंद फिरवा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजा. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा मेण, मार लागलेलं सफरचंद आणि ओल्या दगडासारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी मध, क्विन्स (सफरचंदासारखं एक सुगंधी फळ) आणि सुका मेवा पुढे येतो, चवीच्या कडा मऊ होतात. तिसरा दिवस अनेकदा सगळ्यात चांगला. दर वेळी दोन ओळी लिहून ठेवा, नाहीतर फरक आठवणार नाही.

गडद सोनेरी रंग पाहून वाइन मेली असं समजू नका. रंग तपकिरी असेल, वास शिळा असेल आणि चव जिभेवरून लगेच निघून जात असेल, तेव्हाच ती गेली असं म्हणा. उकडलेल्या अंड्याचा किंवा काडेपेटीचा वास हवेने जातो, थांबा. ओल्या गोणपाटाचा वास मात्र बुचातून आलेला दोष आहे. तो हवेने वाढतो आणि त्यावर उपाय नाही. नेलपॉलिशची किंचित झाक चालते, ती बाकी सगळं झाकू लागली तर बाटली बिघडलेली. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, निरुपद्रवी.

पहिल्या घोटाबरोबर काही खाऊ नका. नंतर बकरीच्या दुधाचं चीज, किंवा हळद-मीठ लावून लोण्यात परतलेलं पापलेट. तिखट रस्सा टाळा : मिरचीने अल्कोहोल घशाला जाळतं आणि मधाचा वास नाहीसा होतो. तळाचा उरलेला घोट टाकू नका. बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर आटवून त्यात थंड लोण्याचे तुकडे मंद आचेवर घुसळा, ल्वारकाठी माशावर घालतात तसा सॉस होतो.