लेव्हल ट्रान्समीटरच्या कॅलिब्रेशनला निघण्यापूर्वी

लेव्हल ट्रान्समीटर म्हणजे टाकीतली पातळी मोजून कंट्रोल रूमला कळवणारं यंत्र. पहिलं काम कंट्रोल रूमचं. ट्रान्समीटर पंपाच्या ट्रिपला (पंप आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला असेल, तर लूप, म्हणजे पातळीचं आपोआप चालणारं नियंत्रण, मॅन्युअलवर आहे आणि इंटरलॉक (ट्रिप घडवणारी जोडणी) बायपास झालाय हे डोळ्यांनी पाहून घ्या; वॉकीटॉकीवरचं "केलंय, केलंय" पुरत नाही. कामाचं परमिट अर्थातच.

मग हत्यारांआधी कागद-पेन्सिल. उघड्या टाकीच्या तळाशी बसवलेला प्रेशर ट्रान्समीटर पातळी पाहत नाही, त्याला फक्त द्रवाचा दाब कळतो. म्हणून द्रवाची सापेक्ष घनता (पाण्याच्या किती पट जड) विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. समजा ती 0.85 आहे आणि मोजायची उंची 4 मीटर. मग स्पॅन, म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या टाकीच्या दाबांतला फरक, पाण्याच्या 3400 मिलिमीटर स्तंभाइतका, 4000 नव्हे. पाणी समजून 4000 लावलात, तर काठोकाठ भरलेली टाकी 85 टक्के दाखवेल आणि चूक सांडल्यावरच कळेल. शिवाय ट्रान्समीटर शून्य पातळीच्या अर्धा मीटर खाली बसलेला असेल, तर तिथवर उतरणाऱ्या नळीतल्या द्रवाचे 425 मिलिमीटर दोन्ही टोकांत मिळवायचे. रेंज झाली 425 ते 3825. ट्रान्समीटर हा दाब विजेच्या प्रवाहात सांगतो: रेंजच्या तळाला 4 मिलिअँपिअर, वरच्या टोकाला 20. 4, 8, 12, 16 आणि 20 मिलिअँपिअरसमोर 425, 1275, 2125, 2975, 3825 असा तक्ता टेबलावरच लिहून न्या. शिडीवर उभं राहून केलेल्या गणितावर माझा तरी भरवसा नाही. बंद टाकीत दुसऱ्या बाजूची नळी द्रवाने भरलेली असेल, तर हा हिशेब बदलतो.

पिशवीत हँडपंप, दाब मोजणारं मास्टर यंत्र, मिलिअँपिअर मीटर, पाने, टेफ्लॉन टेप, चिंध्या आणि ड्रेनखाली धरायला डबा. मास्टरच्या प्रमाणपत्राची मुदत बघा. त्याची अचूकता ट्रान्समीटरच्या निदान चौपट हवी. हार्ट कम्युनिकेटर (त्याच तारांवरून ट्रान्समीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) वापरणार असाल, तर लूपमध्ये लावायला 250 ओहमचा रेझिस्टर विसरू नका. हा नेमका विसरतो आणि मग अर्धा तास केबलला दोष देण्यात जातो.

टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून अडकलेला दाब सावकाश सोडा. पंप जोडल्यावर थोडा दाब देऊन मिनिटभर थांबा. काटा उतरतोय का, जोड गळतोय का ते आताच कळू दे.

आणि झीरोला (शून्याच्या जुळणीला) हात लावायची घाई नको. आधी पाचही बिंदू चढते आणि उतरते, जसे मिळतील तसे नोंदवा. ॲडजस्ट केल्यावर जुनी चूक किती होती ते कुठूनही परत मिळत नाही. डिप टेपही (टाकीत सोडायची मोजपट्टी) सोबत घ्या, कारण लूप ऑटोवर देण्याआधी टाकीतली खरी उंची मोजून स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडायची आहे.