रिमोटवर चालणारा माइक स्टँड वापरण्यापूर्वी कसा तपासावा

गिटारच्या अॅम्प्लिफायरसमोर लावलेला माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे दोन-तीन सेंटीमीटर सरकला, तरी आवाजातील धार कमी होऊन तो मऊ वाटू लागतो. ही जागा शोधण्यासाठी दर वेळी उठून आत जावे लागू नये, नियंत्रण कक्षात बसून ऐकता ऐकताच माइक हलवता यावा, यासाठी मोटरवर चालणारा स्टँड असतो. त्यामुळे तो किती सफाईने फिरतो यापेक्षा सांगितलेल्या जागी नेमका परत येतो का, हे तपासणे महत्त्वाचे आहे.

पहिल्या दिवशी महागडा माइक लावू नये. साधा डायनॅमिक माइक सुमारे ३०० ग्रॅमचा असतो, तर मोठा कंडेन्सर माइक त्याच्या झुल्यासह (धक्के शोषणाऱ्या पकडीसह) साध्या माइकच्या दुप्पट-तिप्पट भरतो. म्हणून आपल्या सर्वांत जड माइकइतक्या वजनाची वाळूची पिशवी स्टँडच्या हाताच्या (माइक धरणाऱ्या दांडीच्या) टोकाला घट्ट बांधावी आणि हात पूर्ण लांब करून तासभर तसाच ठेवावा. टोकाची उंची आधी आणि नंतर मोजली की हात किती खचला ते कळते. मग वीज बंद करून पाहावे. स्क्रूवर चालणारा हात बहुधा जागीच राहतो, पट्ट्यावर चालणारा मात्र धाडकन खाली येऊ शकतो, तेव्हा खाली उशी ठेवलेली बरी.

यानंतर थांबण्याची व्यवस्था पाहावी. हात सरकत असतानाच रिमोट बंद करावा. संपर्क तुटताच स्टँड थांबला पाहिजे, शेवटचा आदेश पाळत पुढे जात राहता कामा नये. दोन्ही टोकांचे मर्यादा-स्विच हात तिथे पोहोचण्याआधीच बोटाने दाबून मोटर थांबते का तेही पाहावे. माइकची केबल जोडून संपूर्ण पल्ला एकदा हळू फिरवावा, कारण ताठ केबल हाताला मागे ओढते आणि हा दोष केबलशिवाय घेतलेल्या चाचणीत दिसतच नाही.

आता मुख्य चाचणी. पिशवी काढून साधा माइक लावावा, त्याला बारीक काडी चिकटवावी आणि काडीच्या टोकामागे आलेखाचा कागद उभा करावा. ठरलेल्या जागी आधी डावीकडून यावे, नंतर उजवीकडून. दोन्ही खुणांतील अंतर म्हणजे गिअरमधील ढिलाई. एकदा मी दुपारभर गिअरला दोष देत बसलो होतो आणि सैल निघाली ती माइकची क्लिप, म्हणून क्लिप आधी हलवून पाहावी.

कागदावर न दिसणारा फरक ध्वनिमुद्रणात सापडतो. काडी काढून माइक स्पीकरसमोर ठेवावा, पिंक नॉइजची (सगळे स्वर एकत्र असलेल्या सरसर आवाजाची) एकच फाइल वाजवून मुद्रित करावी, माइक दूर नेऊन त्याच जागी परत आणावा आणि तीच फाइल पुन्हा मुद्रित करावी. वाजवणे आणि मुद्रण एकाच इंटरफेसवरून (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावरून) झाले पाहिजे, नाहीतर तुलना व्यर्थ. दोन्ही मुद्रणे काटेकोर जुळवून एकाची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटवली की ती एकमेकांना खोडतात. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ३४ मिलिमीटर असते. माइकचे स्पीकरपासूनचे अंतर एका मिलिमीटरने जरी चुकले, तरी त्या वारंवारतेच्या आसपास सुमारे १५ डेसिबलपेक्षा जास्त खोडले जात नाही. खालचे स्वर नाहीसे झाले आणि वर सरसर आवाज उरला, तर स्टँड नेमका परत आलेला नाही.

मोटरचा सरकतानाचा आवाज मला फारसा खटकत नाही, कारण त्या वेळी मुद्रण चालू नसते. स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) मात्र थांबलेली असतानाही प्रवाह घेत राहते आणि बारीक शिटीसारखा स्वर काढू शकते. नेहमीच्या गेनवर (माइकचा आवाज वाढवण्याच्या पातळीवर) खोलीची शांतता एकदा मोटर चालू ठेवून आणि एकदा बंद करून मुद्रित केली, की हा स्वर हेडफोनवर लगेच ओळखू येतो.

ढिलाई एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची निघाली म्हणून स्टँड परत करण्याची गरज नाही. प्रत्येक जागी नेहमी एकाच बाजूने यायचे आणि ती बाजू स्टँडवरच टेप लावून लिहून ठेवायची.