जुना मित्र परततो तेव्हा: विनोदी मालिकेचा भाग लिहिताना या चुका टाळा

वर्षानुवर्षांनी परतलेल्या मित्राचा भाग लिहायला सोपा वाटतो आणि म्हणूनच सांगली-मिरजेचे नवे लेखक मला वाचायला देतात त्या संहितांमध्ये हाच भाग सर्वाधिक वेळा बिघडलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भांडणही मित्राबरोबरच घरात येते. वास्तविक पाहुण्याने भांडण आणायचे नसते. घरात आधीपासून झाकून ठेवलेले भांडण त्याच्यामुळे उघडे पडायचे असते. सांगलीतल्या एका लेखन शिबिरात विट्याकडच्या काही तरुणांनी अशीच एक संहिता वाचली. त्यांच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळे तमिळनाडूत गलाईचे दुकान थाटलेला मित्र गावच्या यात्रेसाठी परततो, ही कल्पना अगदी अस्सल होती. मात्र अर्धी संहिता त्याच्या श्रीमंतीवरच्या विनोदांत गेली आणि मग एकाएकी सातबाऱ्यावरून भावाभावांत वाद पेटला. ऐकणारे सुरुवातीला हसले, नंतर गप्प झाले आणि लेखकांनी त्यावर उपाय म्हणून आणखी विनोद घालण्याची तयारी दाखवली.

मी त्यांना एवढेच विचारले की, मित्र येण्यापूर्वी या घरात कोणती गोष्ट बोलली जात नव्हती? बऱ्याच वेळाने त्यांच्यापैकी एकीला उत्तर सापडले. ‘आईवडिलांसाठी मी गलाईला गेलो नाही’ या त्यागाच्या जोरावर घरचा कर्ता बायकोला आणि धाकट्या भावाला आयुष्यभर गप्प करत आला आहे. मित्राला मात्र ठाऊक आहे की, तो निघाला होता, मिरज स्टेशनवर गाडी हलताच रडू लागला आणि उतरून घरी परतला. मित्र हे पंगतीत, कौतुकाच्या भरात, सहज सांगून टाकतो. सातबारा आपोआप गळाला आणि त्याच श्रोत्यांना हसताहसता बायको आता काय बोलेल याची धास्तीही वाटू लागली.

संवादांना हात लावण्यापूर्वी मी नेहमी तीन गोष्टी लिहून काढतो: मित्राला काय ठाऊक आहे, ते घरच्यांना का ठाऊक नाही आणि त्याचे मोल मित्राला का कळत नाही. यातली तिसरी गोष्ट सुटली की मित्र चुगलखोर ठरतो आणि प्रेक्षकाच्या मनातून उतरतो. रीलमध्ये शोभेल असे एखादे वाक्य आधी सुचले म्हणून त्याभोवती प्रसंग रचणाऱ्यांना हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु त्याला पर्याय नाही.

दुसरी चूक ओळख करून देण्याची. ‘तुला आठवतं ना, आपण विलिंग्डन कॉलेजात एकाच बाकावर बसायचो,’ असे कोणताही मित्र मित्राला सांगत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हा कथा पुढे नेण्यासाठी सूत्रधार होता. मालिकेत तो नसतो आणि त्याचे काम पात्रांवर लादले की पात्रे निर्जीव होतात. जुने मित्र आठवणी सांगत नाहीत, आठवणींवरून वाद घालतात. बाक पहिला होता की शेवटचा, यावर त्यांना भांडू द्यावे.

मित्राला उशिरा आणू नये. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण 22 मिनिटे हाती उरतात, तेव्हा चौथ्या मिनिटापूर्वी तो दारात उभा हवा. फोनवरून कळणारे रहस्य नको. केवळ बोली ग्रामीण आहे म्हणून हसू येईल, हा समज सोडून द्यावा.

समेटाच्या वेळी आजोबांनी मैत्री आणि कुटुंब यांवर केलेले भाषण निर्दयपणे कापावे. पुढच्या आठवड्यात तीच माणसे त्याच घरात लागणार असल्यामुळे मित्राने शेवटी निघून जायलाच हवे आणि घरही बरेचसे पूर्ववत व्हायला हवे. फक्त कर्त्याने पुन्हा त्यागाचा दाखला देण्यासाठी तोंड उघडले की, बायकोने भाकरी वाढता वाढता ‘मिरज’ एवढेच म्हणावे.